धमनीत वारा

प्रश्न असा की घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशा आपल्या इंदूरच्या पोरांनी मराठीत ‘श्वसन तंत्र’, ‘परिसंचरण तंत्र’ म्हटलं तर चालेल का, आणि धमनी म्हणजे शुद्ध रक्ताची नळी हे बरोबर ना. पहिल्याचं उत्तर, मराठीत श्वसनसंस्था आणि रक्ताभिसरण संस्था, तंत्र आपल्याकडे फलंदाजाचं असतं नाहीतर मांत्रिकाचं. झालं.

दुसरं मात्र ऐकून ऐकून कान किटले. अहो, हृदयातून फुप्फुसाकडे जाते तीही धमनीच, आणि तिच्यात ऑक्सिजन कमी झालेलं रक्त असतं. आणि ‘अशुद्ध’ कसलं, माणूस निवांत बसलेला असताना शिरांमधून परतणाऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिनसुद्धा साधारण ७५ टक्के ऑक्सिजननं भरलेलं असतं.

आता खरी गंमत. धमनी ‘ध्मा’ धातूवरून, म्हणजे फुंकणे, गीतेच्या पहिल्या अध्यायात जो तो शंख घेऊन ‘दध्मौ’ करतोय ना, तोच. म्हणजे मुळात फुंकणी, वाऱ्याची नळी! आणि ग्रीकांची ‘आर्टेरिआ’ पण आधी श्वासनळीच होती बरं का. मेलेल्या जनावराच्या धमन्या बहुतेक रिकाम्या दिसतात, रक्त शिरांत साठतं, म्हणून एरासिस्ट्रॅटससारख्या ग्रीक वैद्यांना वाटलं की यातून वाराच वाहतो. मग श्वासनळीला वेगळं दाखवायला ‘खरबरीत आर्टेरिआ’ म्हणायचे, त्यातलं नाव गळालं आणि विशेषण उरलं, डॉक्टर ट्रेकिया म्हणतात ते नुसतं ‘खरबरीत’! गळ्याच्या घाटीखाली बोट फिरवून बघा, कूर्चेच्या कड्या लागतात, त्या नसत्या तर श्वास ओढताना नळी चपटी झाली असती. धमनीला कड्या नकोत, तिची भिंत जाड, स्नायूंची, आणि आतून हृदयाचा दाब. तिच्यात रक्तच असतं हे दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या ग्रीक वैद्यानं जिवंत प्राण्यावर दाखवलं.

माझं ठाम मत, आपल्याकडेही रिकामी नळी बघूनच हे नाव पडलं. चरकसंहितेत ध्मानामुळे धमनी, सरणामुळे, म्हणजे वाहण्यामुळे, सिरा अशी सरळ फोड आहे, तिच्यावर भाष्य लिहिणारा चक्रपाणी ध्मान म्हणजे भरणं म्हणतो, म्हणू दे. ‘धमधम उडते म्हणून धमनी’ सांगणाऱ्या मास्तरांना तर मी उत्तरच देत नाही.

आणि पुण्याकडून सल्ला येतो, धमनी-शिरा नको, रोहिणी-नीला म्हणा. रोहिणी तांबडी, नीला निळी, मग फुप्फुसाकडे काळपट रक्त नेणारी तांबडी आणि तिथून लालभडक आणणारी निळी, पोरांनी पाठ काय करायचं? धमनीत रंगाची भानगडच नाही, हृदयानं बाहेर फुंकलं की ते जिच्यातून जातं ती धमनी, मग रक्त कुठलंही असो.