जिप्सी उचलायची की आधी गळती काढायची?

तुमचा प्रश्न वाचला. २००७ ची मारुती जिप्सी घेतलीत, ती पोटाला घासते म्हणून लिफ्ट करायची, म्हणजे पाटे-शॅकल बदलून उंच करायची आहे. पण ट्रान्सफर केसखाली (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीखाली) डाग पडतोय, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाने तेल येतंय, इंजिनाच्या मागून थेंब गळतोय. आणि गॅरेजवाला म्हणतो, "तीन इंच लिफ्ट करून घ्या, त्यातच सगळे सील मारून देतो." हे वाक्य मीही ऐकलंय, जवळजवळ याच शब्दांत, म्हणून एवढं लांब लिहायला बसलो. मी मेकॅनिक नाही, सुट्टीच्या दिवशी गाडीखाली लोळणारा माणूस आहे. तेव्हा काही खोलण्याआधी जाणत्या माणसाला एकदा दाखवा.

माझं मत आधीच सांगतो. गळती पहिली, लिफ्ट नंतर, आणि दोन्हींमध्ये एक पावसाळा जाऊ द्या. दोन्ही कामं एकाच वेळी केलीत की नंतर पडलेला डाग जुना की लिफ्टने आणलेला, हे कुणालाच सांगता येत नाही. सगळ्यात आधी गॅरेजला सांगता येत नाही, आणि त्यांच्या ते सोयीचंही असतं.

आता मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. शहरातलं नावाजलेलं वर्कशॉप होतं, भिंतभर चिखलातल्या गाड्यांचे फोटो. त्यांचं 'तीन इंची किट' म्हणजे लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसिसला टांगणारी कडी) आणि प्रत्येक पाट्यात, म्हणजे पानांच्या स्प्रिंगमध्ये, एक जादा पान, बस. शॅकल दोन इंच लांब केली तर ॲक्सलपाशी उंची साधारण एकच इंच मिळते, पण पाट्याचं एकच टोक खाली जात असल्यामुळे ॲक्सल फिरतो. जिप्सीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे. तिथे लांब शॅकल घातली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या खिळीचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग वळणावरून आपणहून सरळ येईनासं होतं. हायवेवर गाडी लेनभर हिंडते. मागे शॅकल मागच्या टोकाला, म्हणून डिफचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) नाक वर उठतं. ट्रान्सफरपासून डिफपर्यंत जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन सारखे असतील तरच त्यांची थरथर एकमेकांत विरते. नाक उठलं की पुढचा कोन मोठा, मागचा लहान, आणि थरथर उरते. ती थेट ट्रान्सफरच्या मागच्या बेअरिंगवर आणि सीलवर येते.

झालंही तसंच. लिफ्टनंतर थोड्याच दिवसांत ट्रान्सफरच्या मागच्या सीलमधून तेल यायला लागलं. त्यांनी सील बदललं. परत गळलं. मग "लोकल सील आलं असेल", मग "ओरिजिनल टाकतो", मग "तुम्ही ऑइल जास्त भरलंय", मग "ट्रान्सफरचे रबर माउंट गेलेत". दर वेळी बिलात सील आणि शाफ्ट उतरवण्याची मजुरी. शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या दोन चकत्या, म्हणजे फ्लँज, एकमेकांना समांतर आहेत का, एवढंच कुणी पाहिलं नाही.

शेवटी एका तालुक्याच्या गावातल्या फिटरने पकडलं. जन्मभर जीपच केलेला माणूस. त्याने मागचा शाफ्ट सोडला, ट्रान्सफरची फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवली. टक-टक. "हे ऐकू येतंय ना? सील काय करणार बिचारं." बेअरिंगच सैल होतं. फ्लँज काढून त्याने तिच्या गोल भागावर माझं नख फिरवायला लावलं. सीलच्या ओठाने घासून बारीक खाच पडली होती, नख अडकेल एवढी. नवं सील त्याच खाचेवर बसत होतं आणि त्याच खाचेतून तेल सुटत होतं. बेअरिंग बदललं, फ्लँजवर पातळ स्लीव्ह चढवली, नवं सील बसवलं. मागच्या ॲक्सलखाली पाट्यावर पाचरी टाकून डिफचं नाक ट्रान्सफरच्या समांतर आणलं. कोन मोजायला त्याने माझा फोनच वापरला, लेव्हलचं ॲप उघडून फ्लँजच्या तोंडाला टेकवून. पाचरीची जाड बाजू पुढे की मागे, हे असंच मोजून ठरवायचं, अंदाजाने नाही. उलटी बसली तर दुखणं दुप्पट.

पहिल्या वर्कशॉपकडे पैशाचा विषय काढला तर उत्तर आलं, वॉरंटी किटवर आहे, गळतीवर नाही. आणि बिलावर फक्त 'लिफ्ट किट १' लिहिलेलं. त्यामुळे माझी हात जोडून विनंती आहे, किट घ्याल तिथे बिलावर सगळं लिहून घ्या. पाट्यात किती पानं, शॅकल किती लांब, पाचर किती अंशांची, शॉकॲब्सॉर्बर कुठल्या लांबीचे. लिहून द्यायला खळखळ करणाऱ्याकडे काम देऊ नका. यावर माझं मत बदलणार नाही.

तुमच्या तीन गळतींबद्दल. आधी पूर्ण खालची बाजू डिझेल आणि ब्रशने साफ करा, पाण्याने धुवा, वाळू द्या. मग संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरा, वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या. पावडरवर तेलाचा माग स्पष्ट उमटतो. इंजिनाच्या मागून पडणाऱ्या थेंबाला बघताक्षणी 'क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल' म्हणणारे बरेच भेटतील. बहुतेक वेळा इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरत असतं आणि तेल हेडच्या मागच्या बाजूने ओघळून बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणाखाली) थेंब होऊन लोंबतं. पॅकिंग स्वस्त, गिअरबॉक्स उतरवणं महाग. म्हणून बोट वरून खाली फिरवत या, खालून वर नाही.

पुढच्या डाव्या चाकाचं जरा गंभीर आहे. चाक ज्यावर वळतं त्या गोल नकलच्या आत ग्रीस असतं आणि डिफचं तेल आतल्या ॲक्सल सीलने अडवलेलं असतं. ते सील गेलं की डिफचं तेल ग्रीसमध्ये मिसळतं आणि पातळ होऊन बाहेरच्या वायपर सीलवरून टायरवर येतं. फक्त बाहेरचं सील बदलून काही होत नाही, आतलंच बदलावं लागतं. नकल खोलल्यावर किंगपिनचे (नकल ज्या खिळींवर वळतो त्यांचे) बेअरिंग पाहून घ्या, कारण ते ढिले असतील तर सील पुन्हा जाईल. मागच्या चाकांचीही ड्रम काढून खात्री करा. तिथे तेल आलं तर ब्रेक लाइनर भिजतात, आणि भिजलेले लाइनर घेऊन घाट उतरू नका.

सील मागवण्याआधी ब्रीदर बघा. ॲक्सलवरचं ते लहानसं टोपण चिखलाने बुजलं की तापलेली हवा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ती सीलमधून तेल ढकलते. गाडी बरीच चालवून आल्यावर डिफचा भरणीचा बोल्ट हळूच सैल करा. फुस्स असा आवाज आला तर गुन्हेगार सापडला. उलटंही होतं. तापलेला डिफ ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. तेल दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं की समजा पाणी गेलं. दोन्ही ब्रीदरना पेट्रोलची रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधली तर हा विषयच मिटतो. कोकणात नाहीतर मावळात पावसाळ्यात ओढे ओलांडणार असाल तर लिफ्टच्या आधी हे करा. खर्च जवळजवळ नाहीच.

आता लिफ्ट. तुमची मूळ तक्रार आहे की गाडी पोटाला घासते. लिफ्टने पोट वर जातं, पण डिफ जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही, तो टायरनेच वर जातो. मूळ २०५/७० आर १५ टायरच्या जागी २१५/७५ टाकलं तर डिफखाली साधारण १८ मिलिमीटर वाढतात, २३५/७५ टाकलं तर ३३ च्या आसपास. २१५ बहुतेक गाड्यांत लिफ्टशिवाय बसतं. २३५ साठी दोनेक इंच लिफ्ट लागते, आणि १.३ लिटरच्या इंजिनाला ते जड जातं, चढावर कळतं. मी तुमच्या जागी असतो तर २१५ वर थांबलो असतो.

तरी लिफ्ट करायचीच असेल तर नव्या कमानीचे दोन इंची पाटे घ्या, लांब शॅकल नको. ॲक्सलखालचे पाटे ॲक्सलवर घेण्याच्या (पाच इंचाच्या) प्रकाराला निदान रोजच्या गाडीवर जाऊ नका, स्टिअरिंगचा रॉडही बदलावा लागतो. पाटे असे वर घेतलेच, तर पुढच्या पाट्यांखाली ठोकळे टाकून आणखी उंची कधीच वाढवू नका. लिफ्टनंतर चाक पूर्ण लोंबत असताना ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, ते बघा. ॲक्सल पाट्याला आवळणारे यू-बोल्ट नवे टाका आणि थोडं फिरून परत आवळा. हे न आवळल्याने ॲक्सल सरकलेल्या गाड्या पाहिल्यात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहिला तर कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल अडचणीत आणू शकतात, आणि विमा कंपनी दावा नाकारायला निमित्तच शोधत असते. वकिलाला विचारा, मी वकील नाही. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला मी एका कार्यालयात गेलो होतो. खिडकीवर म्हणाले कंपनीचं पत्र आणा, कंपनीच्या माणसाने सांगितलं असं पत्र आम्ही देतच नाही. खिडकीवर परत गेलो तर साहेब जेवायला. शेवटी मूळ पाटे, मूळ शॅकल, मूळ टायर बसवून गाडी दाखवली. तुमची गाडीही पंधरा वर्षं ओलांडून गेलीय, म्हणजे पुढच्या नूतनीकरणाला तुम्हीही त्याच रांगेत. जुने पाटे भंगारात घालू नका, तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवा.

पायाशी पाणी येतं असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. काचेच्या रबरावर पाइपने पाणी सोडायला एकाला उभा करा आणि स्वतः आत टॉर्च घेऊन डॅशखाली आडवे व्हा. सिलिकॉन त्याआधी आणू नका. ट्रान्सफरची फ्लँज हलवून पाहिलीत की टक-टक आली की नाही ते कळवा. आली असेल तर बेअरिंगसकट काम धरा, नुसत्या सीलवर पैसे घालू नका.