लाकडावरची जुनी रशियन आयकॉन चित्रं, म्हणजे ख्रिस्ती पूजेतली चित्रं, इतकी काळपट का दिसतात? रंगच गडद असतात का?

नाही, काळवंडतं ते वरचं तेल. लिंडनच्या फळीवर सरसाने कापड चिकटवतात, त्यावर खडू-सरसाचे पातळ थर देऊन हस्तिदंतासारखे गुळगुळीत घासतात. मग अंड्याच्या बलकात खललेले रंग. चेहऱ्यावर आधी गडद हात, मग एकेक उजळ थर. त्यामुळे प्रकाश आतून येतोय असं वाटतं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. शेवटी जवसाच्या तेलाचा लेप. काही दशकांत तोच काळा पडतो, वर मेणबत्त्यांची काजळी. पंधराव्या शतकातला रशियन आयकॉन-चित्रकार आंद्रेई रुब्ल्योव याच्या ‘ट्रिनिटी’ या आयकॉनवरचे थर १९०४ मध्ये काढायला घेतले, तेव्हा खालून लख्ख निळा रंग निघाला.