व्हिडिओतल्या प्रत्येक माणसाला क्रमांक देऊन त्याचा माग ठेवणाऱ्या सॉर्ट ट्रॅकरमध्ये माणूस खांबाआड जाऊन आला की त्याचा क्रमांक का बदलतो?

कारण २०१६ च्या मूळ कोडमध्ये मॅक्स-एज, म्हणजे माणूस न सापडता ट्रॅक किती फ्रेम टिकतो ती मर्यादा, १ आहे. लागोपाठ दोन फ्रेम माणूस सापडला नाही की त्याचा ट्रॅक पुसला जातो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक सेकंदाची आड सांभाळायची तर ही किंमत ३० करा. मग आडून आल्यावर पहिल्या दोन फ्रेमला चौकट दिसणार नाही; ती चूक नव्हे, मिन-हिट्स, म्हणजे चौकट दाखवण्याआधी माणूस लागोपाठ किती फ्रेम सापडायला हवा तो आकडा, ३ आहे म्हणून.

फार वाढवूही नका. सॉर्ट चेहरा-कपडे पाहत नाही. पुढची जागा अंदाजणारा त्यातला काल्मन फिल्टर माणूस त्याच वेगाने चालतोय असं धरतो. तो खांबामागे थांबला, तर अंदाजाची चौकट पुढे सरकते आणि शेजारच्याला त्याचा क्रमांक चिकटतो. अशा गर्दीत डीपसॉर्ट हा ट्रॅकर वापरा, तो दिसणंही जुळवतो.

हमखास होणारी चूक: कुणीच न सापडलेल्या फ्रेमला ट्रॅकरचं अपडेट फंक्शन न बोलावणं. तिथेही ०×५ चा रिकामा अ‍ॅरे द्यायलाच हवा, नाहीतर फिल्टरचा काळ थांबतो.

परवाना आधीच वाचा. सॉर्ट जीपीएल-३ खाली आहे, म्हणजे त्यावर बेतलेलं उत्पादन वाटलंत तर स्वतःचा सोर्स कोडही द्यावा लागतो. बाइटट्रॅक हा दुसरा ट्रॅकर एमआयटी परवान्याखाली आहे, त्यात ही अट नाही.