झडप बसवल्यानंतरची गोळी

बाय, रात्री ऐकू येणारी ती टिकटिक हृदयात बसवलेल्या कृत्रिम झडपेचीच. सवय होते. माझी आता तेरा वर्षांची झाली.

झडपेचा कार्बन आरशासारखा गुळगुळीत असतो, तरी रक्ताला तो परकाच. आपल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिंबिकांना (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना) दूर ठेवणारी द्रव्यं सतत सोडत असतं. कार्बन ती कुठून सोडणार? रक्त लागल्यावर काही सेकंदांतच त्यावर प्रथिनांचा थर बसतो, त्यातल्या फायब्रिनोजेनला बिंबिका चिकटतात आणि गुठळीची साखळी सुरू होते. झडप जिथे शिवतात त्या कापडावर पुढे आपलं मांस चढतं, पण हलणाऱ्या पाकळ्या उघड्याच राहतात. म्हणून वॉर्फरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, जन्मभर. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या या झडपेला चालत नाहीत, कुणी कितीही सांगो.

मायट्रल म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) बहुधा 2.5 ते 3.5 ठेवतात. तुझा आकडा डॉक्टरांनी वहीत लिहिलेला असेल, तोच धर. पालेभाजीने वॉर्फरिनचा जोर कमी होतो, तरी तांबडी भाजी सोडू नकोस, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच खा. एका श्रावणात मासे बंद म्हणून मी रोज पालेभाजी खाल्ली आणि माझा आयएनआर 1.6 वर आला.

फार्मसीतून आपल्या मनाने दुखण्याची गोळी घेऊ नकोस. दात काढण्याआधी झडपेचं सांग. आणि बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोल, वॉर्फरिन गर्भाला बाधू शकतं. टिकटिक अचानक मंदावली, धाप लागली किंवा तोंड वाकडं झालं तर सकाळची वाट न पाहता थेट इस्पितळात जा.