टाकी मोठी झाली, शॉवर मंद का?

फोंड्याच्या घरावरची पाचशे लिटरची उंच टाकी काढून हजार लिटरची पसरट बसवली, आणि शॉवर आधीपेक्षा मंद झाला, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदार म्हणाला होता, 'पाणी जास्त, प्रेशर जास्त.' त्याची टाकी खपली, एवढंच खरं.

प्रेशर लिटरवर ठरत नाही. पाण्याची पातळी शॉवरपेक्षा किती वर आहे, तेवढंच बघायचं. तुमची जुनी टाकी चार फूट, नवी तीन. शॉवर टाकीच्या बुडाखाली तीन फूट. म्हणजे टाकी भरलेली असताना आधी सात फूट मिळायचे, आता सहा. दहा मीटरला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, या हिशेबाने सहा फुटांना जेमतेम ०.१८.

मग जादा पाण्याचं वजन गेलं कुठे? बुडावर. पण बूड त्याहून जास्त रुंद झालं, दर चौरस इंचाचा वाटा उलट कमीच झाला. सरळ भिंतींच्या टाकीत हे पटतं. कळशीत डोकं चालेनासं होतं: गळ्याखालच्या पाण्यावर पाण्याचा खांब, खांद्याखालच्या पाण्यावर नुसता पत्रा. तरी एका पातळीवर दाब दोन्हीकडे सारखाच, नाहीतर पाणी आतल्या आत सरकत राहिलं असतं. उरलेला दाब तो पत्राच देतो, खाली रेटून. वर पसरणाऱ्या बादलीत उलटं, तिरक्या बाजू काही वजन स्वतःच उचलतात. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने हे १५८६ मध्येच मांडलंय. आपला गवंडीही रोज तेच वापरतो: लेव्हलच्या नळीचं एक टोक बादलीला जोडा, बादलीतलं पाणी नळीतल्या पाण्याला वर ढकलत नाही, दोन्हीकडे पातळी एकच.

खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांच्या, बांधावर जाऊन मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची, लाकडी दारं बघा. पलीकडे अख्खी मांडवी नदी असते, तरी दाराला फरक पडतो तो फक्त दोन्हीकडच्या पातळीचा. भरती चढली की दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं. एक मीटर रुंद दारावर दीड मीटर पाणी आणि आत कोरडं असेल, तर एकूण रेटा अकराशे किलोंच्या वर. खोली दुप्पट झाली तर रेटा चौपट. नदी कितीही रुंद असो.

तुमच्या टाकीचा एक फायदा मात्र आहे: पसरट असल्याने पातळी हळू उतरते, त्यामुळे धार लवकर मरत नाही.

उपाय म्हणजे चार फुटांचा चौथरा. सहाचे दहा फूट होतील. त्याआधी शॉवरची जाळी काढून क्षार साफ करा, आणि अर्ध्या इंची पाईपला किती कोपरे आहेत ते मोजा. पाणी वाहू लागलं की ते दाब खातात. चौथरा बीमवरच बांधा, स्लॅबच्या मधोमध नको. भरलेली टाकी टनाच्या वर जाते.