गल्लीतली पंगत आणि शेजाऱ्याची हरकत

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या घरांनी मिळून एका रविवारी दुपारी रस्त्यावरच एकत्र जेवायचं ठरवलंय. नगरसेवक ‘खुशाल करा’ म्हणालेत, पण एक शेजारी पोलिसांत जाण्याची भाषा करतायत. अर्जावर सही माझी असणार. मी अडचणीत येईन का?

उत्तर: नगरसेवकांच्या तोंडी होकाराला कायद्यात किंमत नाही. रस्ता महापालिकेचा असेल तर गल्लीतली झाडून सगळी घरं राजी असली तरी तो अडवण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. विनापरवाना अडवलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या, वाहतूक पोलिसांची ना हरकत घ्या, स्थानिक पोलीस ठाण्यालाही कळवा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच, पण शिक्का म्हणजे परवानगी नव्हे. परवानगीचं पत्र हातात पडेपर्यंत मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

शेजाऱ्यांची संमती नसली म्हणून परवानगी अडत नाही. मात्र स्वतःच्या घरी येण्याजाण्याचा त्यांचा हक्क परवानगीनंतरही शाबूत राहतो, आणि तो खरोखर मोलाचा हक्क आहे. अर्जाला हाताने काढलेला नकाशा जोडा: टेबलं कुठे, त्यांचं फाटक कुठे, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब कुठून जाणार. अर्ज देण्याआधी तोच नकाशा घेऊन त्यांच्या दारी जा, असं मी आग्रहाने सांगेन. घरात आजारी माणूस असेल, गाडी अडकण्याची धास्ती असेल. ते ऐकून टेबलं हलवता येतात.

स्वयंपाक आचाऱ्याकडे दिलात तर त्याचा एफएसएसएआय (म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना किंवा नोंदणी क्रमांक मागून घ्या. जेवण फुकट वाटलं तरी अन्नसुरक्षेचा कायदा लागू होऊ शकतो. घरगुती सिलिंडर अशा कामाला चालत नाही, व्यावसायिकच लागतो. थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. लाउडस्पीकरला वेगळी परवानगी लागते, आणि निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबलची.

आता तुमच्या सहीबद्दल. काही बिनसलं तर पोलीस पहिल्यांदा अर्जदारालाच विचारणार. म्हणून एकट्याने सही करू नका; चारपाच घरांच्या सह्या घ्या आणि खर्च व नुकसानभरपाई सगळ्यांनी वाटून घ्यायची, असं साध्या कागदावर लिहून ठेवा. मंडपवाल्याला डांबरात खांब रोवू देऊ नका, कारण खड्डे बुजवण्याचा खर्च महापालिका त्याच्याकडे नाही, अर्जदारांकडे मागेल.