नोंद करण्याआधी विचार, वही कोणाची?

अकरावीला पुस्तपालन घेतलंस की पहिला गोंधळ बहुतेक पासबुकावरूनच होतो. दुकानदाराने बँकेत ५,००० रुपये रोख भरले. त्याच्या वहीत बँक खाते नावे (डेबिट), रोख खाते जमा (क्रेडिट). पासबुकात मात्र तीच रक्कम जमेला दिसते. दोन्ही बरोबर आहे! पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतलं त्याचं खातं. बँक त्याचं देणं लागते, म्हणून तिच्याकडे जमा. मी शिकवायला बसतो तेव्हा प्रत्येक व्यवहाराला आधी हेच विचारायला लावतो: ही वही कोणाची?

मालकाने घरासाठी गल्ल्यातून २,००० घेतले तर तो धंद्याचा खर्च नाही, उचल आहे. ती भांडवलातून वजा होते.

तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिल्लकांची यादी; दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की ती जुळली. ती जुळली की मुलं निर्धास्त होतात. तू तसं करू नकोस. दुकानात वापरायला घेतलेलं कपाट फर्निचरऐवजी खरेदी खात्याला (विकायच्या मालाच्या) नावे टाकलंस, तरी तेरीज जुळणारच. नफा मात्र चुकेल. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तरीही जुळेल.

नफा आणि रोकड यांचीही गल्लत नको. ८,०००चा माल १०,०००ला उधार विकला, तर २,००० नफा आजच धरतात, गल्ल्यात अजून काहीच आलेलं नसतं. चांगला नफा दाखवणारी दुकानंही उधारी वसूल न झाल्याने अडचणीत येतात, ती यामुळेच.

गाईडातली उत्तरं उतरवू नकोस. रोज चार-पाच व्यवहार स्वतः लिही: आधी रोजकीर्द (तारखेवार नोंद), मग खतावणी (त्याच नोंदी खात्यांनुसार), मग तेरीज. अडलास की व्यवहारासकट विचार.